समोरचे दहा, घरचे किती?

समोर दहा देशांच्या पाट्या आणि बोलणारा एकच माणूस. आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियान या गटाशी वाटाघाटींना पहिल्यांदा बसले तेव्हा या मांडणीचा मला हेवा वाटला होता. आमच्या बाजूला देश एकच, पण वाणिज्य, महसूल, कृषी, वस्त्रोद्योग अशी निरनिराळ्या मंत्रालयांची माणसं ओळीने बसलेली. मजकुरातल्या एखाद्या वाक्यावर आमच्यातच कुजबुज सुरू झाली की सहसचिवांना हात वर करून ती थांबवावी लागायची. समोर मात्र समन्वयक देशाचा प्रतिनिधी शांतपणे सांगायचा, "आसियानची भूमिका अशी आहे." त्या एका वाक्यामागे काय काय घडलेलं असतं हे कळायला मला बराच काळ लागला. आणि ते कळल्यावर या कामाकडे बघण्याची माझी नजरच बदलली. टेबलावर बसण्याआधी घरात काय ठरलं, कसं ठरलं आणि कोणाला विचारून ठरलं, हाच प्रश्न मी पुढे प्रत्येक कराराला विचारत आले.

भारत आणि आसियान यांच्यात ८ ऑक्टोबर २००३ रोजी बालीला चौकट करार झाला. वस्तूंच्या व्यापाराचा प्रत्यक्ष करार व्हायला पुढे जवळपास सहा वर्षं गेली. ऑगस्ट २००८ मध्ये सिंगापूरला वाटाघाटी संपल्याचं जाहीर झालं, १३ ऑगस्ट २००९ ला बँकॉकमध्ये सह्या झाल्या आणि १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. ही त्याची सरळ कुंडली. मी तेव्हा दिल्लीत उद्योग भवनात होते. आधी याद्या जुळवणाऱ्या चमूत, मग मजकुराच्या बैठकांना, आणि पुढे सेवा क्षेत्राच्या आणि युरोपातल्या करारांच्या कामात. निवृत्तीपर्यंत हाच विषय राहिला.

वाटाघाटींच्या मजकुरात ज्या वाक्यावर एकमत नाही ते चौकटी कंसात ठेवतात. सुरुवातीला पानंच्या पानं कंसात असतात. दिवसभराच्या चर्चेनंतर दोन कंस सुटले तर लोक समाधानाने जेवायला जातात. एकदा अशाच एका कंसावर, संवेदनशील वस्तूंच्या शुल्ककपातीच्या कालावधीवर, आम्ही एक नवा प्रस्ताव ठेवला. समोरच्या अध्यक्षांनी अर्ध्या तासाची सुट्टी मागितली. दहाही शिष्टमंडळं शेजारच्या खोलीत गेली. त्याला सगळे कॉकस म्हणत. अर्धा तास झाला, दोन तास झाले, चहा येऊन गेला, संध्याकाळ झाली. आमच्यातल्या काहींना ही वेळकाढूपणाची खेळी वाटत होती. माझे एक ज्येष्ठ सहकारी मात्र खिडकीपाशी निवांत बसले होते. ते म्हणाले, "आत जितका वेळ लागेल तितकं आपल्यासाठी चांगलं. तिथे भांडून जे बाहेर येईल ते उद्या बदलणार नाही."

आत कोण कोणाशी भांडत असेल याचा अंदाज मग आम्ही बांधायला शिकलो. सिंगापूरचं स्वतःचं आयात शुल्क जवळपास शून्यच. त्यांना वस्तूंच्या यादीत फारसं काही गमवायचं नव्हतं, त्यांचा डोळा सेवा आणि गुंतवणुकीवर. मलेशिया आणि इंडोनेशियाला पामतेल महत्त्वाचं. व्हिएतनामला मिरी आणि कॉफी. फिलिपिन्स स्वतःचा बाजार उघडायला नाखूश, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं वेळापत्रक करावं लागलं. कंबोडिया, लाओस, म्यानमार आणि व्हिएतनाम यांना बाकीच्यांपेक्षा जास्त वर्षं हवी होती. म्हणजे इंडोनेशियासाठी पामतेलावर आम्ही थोडं सैल झालो की तो फायदा लाओसला काहीच उपयोगाचा नसे, पण त्याची किंमत म्हणून आम्ही जे मागू ते लाओसलाही द्यावं लागे. हा हिशेब त्यांना आधी आपसात मिटवावा लागायचा. आमच्यासमोर येणारी "आसियानची भूमिका" म्हणजे त्या मिटवामिटवीचा निकाल होता.

तो निकाल टिकायचा, हे मी पुढे अनेकदा पाहिलं. समोरच्यांपैकी कोणी एकटा देश मागाहून फिरला असं क्वचितच झालं. त्यांना मागे फिरायचं तर आधी उरलेल्या नऊ जणांना तोंड द्यावं लागलं असतं.

आता आमच्या घरातलं सांगते. २००५ मध्ये भारताने शुल्ककपातीतून वगळायच्या वस्तूंची जी यादी पुढे केली होती तिच्यात १,४१४ वस्तू होत्या. समोरच्यांना ती बघून धक्काच बसला. इतकं वगळल्यावर मुक्त व्यापार उरतो कुठे, हा त्यांचा सवाल रास्त होता. ती यादी आधी ८५४ वर आली, मग ५६० वर, आणि अखेर करारात ४८९ वर. बाहेरच्या वाचकाला यातून एवढंच दिसतं की आसियानने दबाव टाकला आणि भारताने माघार घेतली. प्रत्यक्षात यादी कापण्याचं बरंचसं काम दिल्लीतच झालं, मंत्रालयांच्या आपसातल्या बैठकांमध्ये.

त्या बैठकांसाठी मोठ्या कागदावर छापलेले तक्ते असत. डावीकडे सहा अंकी एचएस कोड, मग वस्तूचं वर्णन, चालू शुल्क, मागच्या तीन वर्षांची आयात, आक्षेप घेणारं मंत्रालय आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सहा अंकी वर्गीकरणात पाच हजारांवर ओळी होत्या. डोळा चुकून वरच्या ओळीचं शुल्क खालच्या ओळीला लागू नये म्हणून आम्ही पट्टी ठेवून वाचायचो. एक जण कोड मोठ्याने वाचायचा, दुसरा दुसऱ्या प्रतीवर खूण करायचा. ०९०४ ११, मिरी, अखंड. १५११ १०, पामतेल, कच्चं. १५११ ९०, पामतेल, रिफाइंड. अशा वाचनात रात्र व्हायची. हे काम कारकुनी आहे असं समजणारे अधिकारी मी पाहिले, आणि त्यांच्याबद्दल मला कधी आदर वाटला नाही. करार म्हणजे अखेर हा तक्ताच. प्रास्ताविकातली मैत्रीची आणि भागीदारीची वाक्यं कोणत्याही बंदरावर उपयोगी पडत नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात "देशांतर्गत उद्योग संवेदनशील" हे शब्द इतक्या ओळींसमोर असायचे की त्यातून काहीच समजत नसे. प्रत्येक मंत्रालय आपली ओळ राखायला आलेलं. मग आम्ही एक साधी रीत पाडून घेतली. ओळ राखायची असेल तर तीन गोष्टी सांगा: ही वस्तू देशात कोण बनवतं किंवा पिकवतं, किती ठिकाणी, आणि शुल्क गेलं तर तो माणूस दुसरं काय करू शकतो. एवढं विचारलं की निम्म्या ओळींवरचा आग्रह आपोआप ढिला पडायचा. कित्येक रसायनं अशी निघाली की जी देशात कोणी बनवतच नव्हतं. उलट काही ओळी अशा होत्या की ज्यांच्यासाठी बोलणारं कोणीच बैठकीत नव्हतं, कारण पिकवणारे लाखो असले तरी त्यांची संघटना दिल्लीत नव्हती. मला वाटतं, माझ्या कामातलं सगळ्यात मोठं वळण या दुसऱ्या प्रकारच्या ओळींनी आणलं.

पाच वस्तूंना करारात विशेष दर्जा मिळाला: कच्चं पामतेल, रिफाइंड पामतेल, कॉफी, काळा चहा आणि मिरी. त्यांचं शुल्क शून्यावर न्यायचं नाही, पण ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत हप्त्याहप्त्याने उतरवायचं. कॉफी आणि चहा १०० टक्क्यांवरून ४५ वर. मिरी ७० वरून ५० वर. कच्चं पामतेल ८० वरून ३७.५ वर आणि रिफाइंड ९० वरून ४५ वर. हे आकडे आज कोरडे दिसतात, पण ३७.५ मधला तो अर्धा टक्कासुद्धा कोणीतरी मागितलेला आणि कोणीतरी अडवलेला आहे.

मिरीच्या निमित्ताने केरळात जाणं झालं. सह्या होऊन गेल्या होत्या. २ ऑक्टोबर २००९ ला सत्ताधारी डाव्या आघाडीने कराराच्या विरोधात कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी साखळी केली होती, आणि वातावरण तापलेलंच होतं. इडुक्कीकडच्या एका मिरीउत्पादकाने मला त्याच्या बागेत नेलं. आधाराच्या झाडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली वेलदोडे. त्याने वेलाचा एक घोस हातात घेऊन दाणे दाखवले आणि सांगितलं की लावल्यापासून धड उत्पन्न यायला वर्षं जातात, रोग आला की अख्खा वेल जातो, आणि व्हिएतनामची मिरी त्याच्या खर्चाच्याही खाली कोचीत उतरते. मी त्याला ५० टक्के शुल्क कायम राहणार असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "हे मला सही होण्याआधी कोणी येऊन सांगितलं असतं तर मी रस्त्यावर उभा राहिलो नसतो. कदाचित तुम्हाला आणखी चांगलं काही सुचवलंही असतं."

त्याचं खरं होतं. आपल्या राज्यघटनेत परदेशांशी करार करणं हा केंद्राचा अधिकार आहे आणि शेती हा राज्यांचा विषय. करार करताना राज्यांना विचारलंच पाहिजे अशी सक्ती नाही, आणि संसदेच्या मंजुरीचीही अट नाही. कायदेशीरदृष्ट्या सगळं चोख. पण त्या बागेत उभं राहिल्यावर मला ती शेजारची बंद खोली आठवली, जिथे लाओस आणि इंडोनेशिया संध्याकाळपर्यंत वाद घालत बसले होते. आसियानला निदान ती खोली होती. इडुक्की आणि लातूर आणि कोडगू एका टेबलाशी बसून आपली भूमिका ठरवतील अशी कुठलीही खोली आपल्या पद्धतीत नव्हती. एवढ्या मोठ्या देशाचा करार हा तसा एखाद्या गटाचाच करार असतो. आपण मात्र एकट्या देशासारखे टेबलावर जातो.

मिरीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ५० टक्के शुल्क असूनही स्वस्त मिरी येत राहिली, काही श्रीलंकेच्या वेगळ्या कराराच्या वाटेने. श्रीलंकेची म्हणून येणारी सगळी मिरी श्रीलंकेतच पिकलेली आहे का, अशी शंका शेतकरी उघडपणे घेत होते. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारला मिरीवर किलोला ५०० रुपये किमान आयात किंमत ठरवावी लागली. म्हणजे एका करारात जपलेली वस्तू दुसऱ्या दाराने उघडी पडली होती. दोन्ही करार शेजारी ठेवून वाचणारं कोणीतरी पहिल्यापासून हवं.

दार म्हणजे इथे मूळ देशाचे नियम. सवलत आसियानच्या मालाला आहे, आसियानमधून नुसत्या फिरून आलेल्या मालाला नाही, हे सिद्ध कसं करायचं? याच प्रश्नावर सुरुवातीला काही वस्तूंना लवकर सवलत द्यायची योजना मोडली होती. त्यांना फक्त मूल्याची अट पुरेशी वाटत होती, आम्हाला दुहेरी अट हवी होती. शेवटी ३५ टक्के मूल्य त्या प्रदेशात घातलेलं असावं आणि वस्तूचं सहा अंकी वर्गीकरणही बदललेलं असावं, असं ठरलं. वर्तमानपत्रांत शुल्काच्या मथळ्यांखाली ही बातमी हरवली. माझ्या मते करारातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता. शुल्क किती उतरलं हे दार किती उघडलं ते सांगतं. दारातून कोण येऊ शकतं ते हे नियम सांगतात.

पण त्या नियमांचा भार शेवटी लहान व्यापाऱ्यावर पडतो, हे मी एका बंदरावर पाहिलं. थायलंडहून यंत्राचे सुटे भाग मागवणारा एक उद्योजक हातात मूळ देशाचं प्रमाणपत्र घेऊन उभा होता. प्रमाणपत्रावरची सही आपल्याकडे पाठवलेल्या नमुना सहीशी जुळत नव्हती. तिकडच्या अधिकाऱ्याची बदली झालेली, नव्या सहीचा नमुना इथपर्यंत पोचलेला नव्हता. माल खरा, कागद खरा, पण कंटेनर अडकलेला आणि त्याचं भाडं रोज चढतंय. शेवटी पूर्ण शुल्क भरून त्याने माल सोडवला. सवलतीपेक्षा त्याला कारखाना बंद न पडणं महत्त्वाचं होतं. अशी माणसं पुढच्या वेळी प्रमाणपत्राच्या फंदातच पडत नाहीत. २०२० साली सप्टेंबरपासून आयातदारानेच मूळ देशाची माहिती बाळगावी असे नवे नियम आले. गैरफायदा घेणाऱ्यांवर त्यांनी वचक बसवला हे मान्य, पण लहान आयातदाराचा कागद आणखी वाढला. नमुना सह्यांऐवजी दोन्हीकडच्या यंत्रणा संगणकावर थेट जोडाव्यात, हे मी तेव्हापासून जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे.

पामतेलाची गोष्ट मला सर्वांत जवळची, कारण माझं माहेर सोयाबीन पिकवणाऱ्या लातूर जिल्ह्यातलं. आपण खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून मोठा हिस्सा बाहेरून आणतो आणि त्यात पामतेल सर्वांत जास्त. ते स्वस्त आलं की सोयातेलाचा भाव दबतो, हे उघड आहे. वाटाघाटीत आमचे दोन मुद्दे होते: शुल्काची कमाल मर्यादा हातात राहावी आणि कच्च्या व रिफाइंड तेलाच्या शुल्कात पुरेसं अंतर राहावं. अंतर नसेल तर तिकडचं तयार तेल येतं आणि इथल्या रिफायनऱ्या थंड पडतात. १ जानेवारी २०२० ला करारानुसार कच्चं तेल ४० वरून ३७.५ वर आणि रिफाइंड ५० वरून ४५ वर आलं. दोहोंतलं अंतर १० टक्क्यांवरून साडेसातवर घसरलं. पुढच्या आठवड्यात सरकारने रिफाइंड पामतेलाची आयातच निर्बंधित यादीत टाकली.

त्यानंतर जे झालं त्याने मला जास्त विचारात टाकलं. महागाई वाढली तेव्हा आपणच आपलं शुल्क उतरवत गेलो. ऑक्टोबर २०२१ मध्ये कच्च्या पामतेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावर आलं. आम्ही ज्या ३७.५ साठी बैठकामागून बैठका घासाघीस केली, ती मर्यादा करारात तशीच राहिली आणि प्रत्यक्ष शुल्क तिच्या कितीतरी खाली गेलं, तेही आसियानने न मागता. शहरातल्या गिऱ्हाईकाच्या कढईचा विचार सरकारला करावाच लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शेतकऱ्याचं नुकसान करारामुळे झालं की घरच्या निर्णयामुळे, हे नीट बघितल्याशिवाय करारांना दोष देणं सोपं पडतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये ते मूळ शुल्क पुन्हा २० टक्क्यांवर नेलं गेलं. त्यानंतर दिवाळीच्या आधी मी माहेरी गेले होते. चुलतभावाबरोबर बाजार समितीत गेले. आडतीपुढे सोयाबीनचे कट्टे लागलेले. खरेदीदाराच्या माणसाने एका कट्ट्यात हात घालून मूठभर दाणे काढले, तळहातावर पसरले, डागी दाणे बोटाने बाजूला केले आणि बाकीचे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले. आकडा बारावर थांबला नाही, वर गेला. भाव तिथेच खाली आला. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. भाऊ मला म्हणाला, "ताई, तेलावरचा कर वाढवला म्हणतात. मग भाव का वाढंना?"

मी त्याला खरं ते सांगितलं. सोयाबीनमध्ये तेल साधारण अठरा टक्के, बाकी बहुतेक पेंड. तेलाचा कर वाढला तरी पेंडीचा भाव जगाच्या बाजारात पडलेला असेल तर दाण्याचा भाव चढत नाही. त्यात कर वाढायच्या आधीच व्यापाऱ्यांनी तेल भरून ठेवलेलं असू शकतं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पेंडीचं कोण बघतं तुमच्यात?" हा प्रश्न कुठल्याही आंतरमंत्रालयीन बैठकीत विचारला गेलेला मला आठवत नाही. तेल अन्न विभागाच्या फायलीत, पेंड पशुखाद्य आणि निर्यातीच्या फायलीत, दाणा कृषीच्या फायलीत. शेतकऱ्याच्या घरात मात्र तिन्ही एकाच कट्ट्यातून येतात. पुढे मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या पामतेलाचं शुल्क पुन्हा २० वरून १० वर आलं. ते कळल्यावर त्याचा फोन आला होता. तो काही फार बोलला नाही.

एका देशाने एका गटाशी करार करणं अवघड, पण दोन गटांनी एकमेकांशी थेट करार करणं त्याहूनही अवघड. जकार्तात ओळख झालेले आसियानचे काही अधिकारी त्याच काळात युरोपीय संघाशीही बोलत होते. ती बोलणी २००७ ला सुरू झाली आणि मार्च २००९ मध्ये थांबवली गेली. एकीकडे सत्तावीस देशांचा आदेश घेऊन आलेला युरोपीय आयोग, दुसरीकडे कॉकस करून येणारे दहा, आणि म्यानमारचा राजकीय प्रश्न मध्ये उभा. शेवटी युरोपने सिंगापूर, व्हिएतनाम असे एकेक देश वेगळे घेतले. दक्षिण अमेरिकेतल्या मर्कोसुर गटाबरोबर युरोपची बोलणी १९९९ ला सुरू झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मॉन्टेव्हिडिओला ती संपल्याचं जाहीर झालं. पाव शतक. उलट मध्य अमेरिकेच्या देशांशी युरोपने २०१२ मध्ये साहचर्य करार केला, ज्यात राजकीय संवाद, सहकार्य आणि व्यापार हे तिन्ही एकत्र बांधले होते. गटांमधले करार रखडले की लोक नोकरशहांना नावं ठेवतात. मला वाटतं, रखडण्यातला बराच काळ हा घरातल्या घरात एकमत करण्याचा असतो, आणि तो काळ वाया गेला असं म्हणता येत नाही. फ्रान्समधला गुरंपालक आणि ब्राझीलचा गोमांस निर्यातदार यांच्यात जो खरा झगडा आहे तो चार बैठकांत मिटवला असता तर तो रस्त्यावर आला असता. एवढा वेळ देऊनही तो काही प्रमाणात आलाच.

युरोपच्या कामात मला आणखी एक गोष्ट पटली. शुल्काच्या यादीत जे शून्य दिसतं ते पुष्कळदा पुरेसं नसतं. ताज्या आंब्यावर युरोपीय संघाचं शुल्क मुळातच नव्हतं. तरी १ मे २०१४ पासून फळमाशीच्या कारणाने भारतीय आंब्याला तिथे बंदी झाली आणि ऐन हंगामात हापूसच्या पेट्या देशातच राहिल्या. पुढच्या वर्षी बंदी उठली, तीही इकडे प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर. २०१० मध्ये नाशिककडच्या द्राक्षांचं असंच झालं होतं, एका संजीवकाच्या अंशामुळे. माल नाकारला गेल्यावर बागाईतदारांना पहिल्यांदा कळलं की तो पदार्थ तिकडे तपासला जातो. म्हणून नंतरच्या वाटाघाटींत मी शुल्कापेक्षा वनस्पती-आरोग्याच्या प्रकरणावर जास्त वेळ मागायचे. कोणता अंश तपासणार, मर्यादा बदलणार असेल तर किती आधी कळवणार, एका पेटीत कीड सापडली तर अख्ख्या देशाचा माल थांबवणार की त्या बागेचा. बागाईतदाराचा पैसा या तीन उत्तरांवर अवलंबून असतो.

या कामात धीराची परीक्षा नेहमी टेबलावरच होते असं नाही. आसियानचा करार २००८ च्या अखेरीस सहीसाठी तयार होता. तेवढ्यात बँकॉकचा विमानतळ आंदोलकांनी ताब्यात घेतला आणि शिखर परिषद पुढे गेली. एप्रिल २००९ मध्ये पट्टायाला ती भरली, तर तिथे आंदोलक सभास्थानी घुसले आणि परिषद गुंडाळावी लागली. मग इकडे लोकसभेच्या निवडणुका. तयार करार कपाटात पडून राहिला की त्याला वाळवी लागते. ज्यांना तो नको असतो ते पुन्हा जागे होतात, "एवढी एकच ओळ बदलूया" म्हणत फायली परत येतात. त्या महिन्यांत आमचं काम म्हणजे एकही ओळ हलू न देणं. समोरच्या बाजूलाही तेच चाललं होतं, हे मला नंतर त्यांच्यातल्या एकीने सांगितलं. आम्ही दोघी आपापल्या घरी एकाच मजकुरासाठी भांडत होतो. तिच्याशी माझी मैत्री झाली ती तिथून, आणि ती अजून आहे.

करार फायद्याचा झाला की तोट्याचा, हे मला अजूनही विचारलं जातं. आसियानबरोबरची आपली व्यापारी तूट २०१०-११ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या आसपास होती, २०२२-२३ मध्ये ४३ अब्जांच्या पुढे गेली. एवढ्यावरून निकाल देणं मला पटत नाही. त्या आयातीत आपल्या कारखान्यांना लागणारा कच्चा माल आणि सुटे भागही आहेत. पण आपल्या निर्यातदारांना तिकडे जेवढं मिळायला हवं होतं तेवढं मिळालं नाही, हे मी मान्य करते. कराराचा फेरआढावा घ्यायचं ऑगस्ट २०२३ मध्ये ठरलं आणि तो २०२५ पर्यंत पुरा करायचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. माझ्या मते त्यात शुल्काच्या ओळी पुन्हा उपसण्याआधी मूळ देशाचे नियम वस्तूगणिक ठरवले पाहिजेत, आणि आपल्या मालाला तिकडच्या परवान्यांच्या ज्या अडचणी येतात त्यांची नावासकट यादी पुढे ठेवली पाहिजे. आणि त्याही आधी राज्यांना बोलवलं पाहिजे.

मध्यंतरी या कामात नव्याने आलेली एक अधिकारी मला भेटायला आली. तिच्याकडे तोच तक्ता होता, आता संगणकावर. तेलबियांच्या ओळींपाशी शेऱ्याच्या रकान्यात तेच जुने शब्द होते, "देशांतर्गत उद्योग संवेदनशील". तिला ते खटकत होतं याचा मला फार आनंद झाला. तेल, पेंड आणि दाणा या तिन्हींच्या ओळी एका पानावर घे, असं मी तिला सुचवलं. तिने विचारलं, महाराष्ट्रात कोणाशी बोलू? मी तिला भावाचा नंबर दिला आणि सांगितलं की लातूरच्या बाजार समितीत सौदे सुरू व्हायच्या आधी पोच, तोवर लोक बोलायला मोकळे असतात. आणि तेलाबरोबर पेंडीचंही विचार.